पाखरांसाठी कणसं

आईने अंबाडीच्या दोराची वळलेली गोफण माझ्या थोरल्या भावाकडे आहे. त्या गोफणीने तो उडता राघू पाडतो. जैनथ गावाजवळच्या आमच्या शेतात राखणीच्या माळ्याला मेलेला राघू उलटा टांगलेला असतो, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून. लहानपणापासून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ज्वारीचा आमचा एकच तुकडा उरला होता. तो मोडून तिथेही कापूस लावायचं भावाच्या डोक्यात होतं. माझा मात्र त्या ज्वारीत जीव. ऑनलाइन विकून दाखवतो म्हणालो, तेव्हा त्याने कुरकुरत एक हंगाम दिला. मी पाखडून, निवडून केलेल्या ज्वारीच्या पुड्यांचे फोटो टाकले. कुत्रंही विचारेना. मग हैदराबादच्या एका बाईंनी विचारलं, फोटोत मागे टांगलेली कणसं विकता का? गॅलरीत चिमण्यांसाठी हवीत. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण कणसं जाऊ लागली, आणि मी प्रत्येक गिऱ्हाइकाला खोदून विचारू लागलो, अजून काय हवं. बहुतेकांचं एकच म्हणणं: शेतात पाखरं कणसं खाताना दाखवा.

म्हणून एका सकाळी माळ्याखाली उभा राहून मी फोनवर लाइव्ह गेलो. राघूंचा थवा खुशाल उतरू दिला. तेवढ्यात मागून भाऊ आला. गोफण गरगरली, दगड सुटला, आणि एका राघूचं डोकं फुटून रक्त कणसावर उडालं. पाहणाऱ्यांना सगळं दिसलं. मी गोफण हिसकायला धावलो. त्याने तोंडावर बुक्की घातली, माझा दात पडला. मी त्याचा गळा आवळला. त्याला ठार मारावं असंच वाटत होतं मला. शेजारच्या शेतातले लोक धावले म्हणून सुटलो.

"जलमभर पाखरं मारून जवारी राखली आपुन," भाऊ धापा टाकत म्हणाला. "अन् तू त्याईलेच दावत देऊन राह्यला?"

आता आपला धंदा बसला, असं समजून मी फोन उघडला. शिव्या होत्याच. पण त्याहून जास्त लोक विचारत होते, ती गोफण केवढ्याला?

सुजल्या तोंडाने मी ते भावाला वाचून दाखवलं. तो गोफणीचा दोर मुठीला गुंडाळू लागला.

"कोनाले माराले पायजे त्याईले?"

गिऱ्हाइकाला मी आजवर सगळं विचारत आलो होतो. हे मात्र विचारलं नाही. यंदा त्या तुकड्यात ज्वारी नाही, कापूसही नाही. गोफणींसाठी अंबाडी लावली आहे.