हात लावला की गप्प होणारा अँप

रविवारी उल्हासनगरला आमच्या बँडचा पहिला शो, आणि माझ्या बेस गिटारला अँप्लिफायर, म्हणजे अँपच नव्हता! म्हणून पीसीओवरून फोन करून अंबरनाथला शिवमंदिराजवळ एका काकूंकडे सेकंडहँड अँप बघायला गेलो. त्यांचा मुलगा वारला होता. त्याचा बेस अजून जोडलेला, अँप चालू, घरभर नुसतं घूं. मी तारांना हात लावला आणि आवाज एकदम बंद.

"काकू, अर्थिंग नाहीये, म्हणून होतं असं."

"माहितीये रे. इलेक्ट्रिशियन पण तेच बोलला." एक हात तारांवरच ठेवून पाणी त्यांनी मला दुसऱ्या हाताने प्यायला लावलं. "तो हात लावायचा तेव्हा पण असंच शांत व्हायचं. थोडा वेळ राहू दे हात."

मुंग्या आल्या तेव्हा मी हात उचलला. घूं परत सुरू.

काकू दाराकडे बघत म्हणाल्या, "गेला बघ."

अँप मी मागितलाच नाही. शो उसन्या अँपवर केला, पण दोन गाण्यांच्या मधेसुद्धा तारांवरचा हात काढायची हिंमत झाली नाही.