निळ्या मोटारीचा पत्रा

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. मात्र मधेच हसू नका. कोणी हसलं की मला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि या गोष्टीत ते खरोखरच चुकलेलं आहे.

तुम्ही मला नेहमी म्हणता ना, "मास्तर, मोटारींच्या त्या शर्यती तुम्ही पाहिल्या, ती मजा आता कुठे?" आणि मी मान हलवून उसासा टाकतो. तो उसासा कसला असतो, ते आज ऐका.

तेव्हा रेल्वे हिंगोलीपर्यंतच यायची. पुढे वाशीमला जायचं तर मोटार. मोटारी दोन, एक निळी आणि एक पिवळी. मालक वेगळे आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. आगगाडी आली की दोन्ही मोटारी भरायच्या आणि मग कनेरगाव नाक्यापर्यंत जे काही व्हायचं, त्याला तुम्ही शर्यत म्हणता. मी अजून त्याला योग्य शब्द शोधतो आहे.

नाक्यापर्यंतच का? तर तिथे निजामाची हद्द संपायची, पैनगंगेपलीकडे इंग्रजी अंमल. करोडगिरीचे शिपाई, म्हणजे जकातवाले, एकेक गाठोडं सोडून बघायचे. जी मोटार आधी पोचली तिची झडती आधी. मागची उन्हात तापत उभी. एकदा तसं तापलेला माणूस पुन्हा त्या मोटारीत कशाला बसेल?

आणि आवाज म्हणाल तर विचारू नका. सायलेन्सर काढून घरी ठेवलेला, कारण तो असला की मोटार पळत नाही अशी दोन्ही ड्रायव्हरांची ठाम समजूत. खिडक्यांना काचेऐवजी कॅनव्हास. ब्रेक होते, असं ऐकून होतो.

मी त्या वेळी हिंगोलीच्या शाळेत शिकवत होतो. हैद्राबादेहून तत्त्वज्ञानात एम. ए. करून आलेला, वर तर्कशास्त्रात सुवर्णपदक. शिडीवर चढायचं तर दोन माणसं खाली धरायला लागायची, पण ते कोणाला माहीत नव्हतं. बायको वाशीमला माहेरी गेली होती, तिला आणायला निघालो. निळ्या मोटारीत बसलो, कारण पिवळीच्या ड्रायव्हरच्या मिशा मला पाहवत नव्हत्या.

आगगाडी यायला अजून दोन तास होते, तेव्हा निळीच्या मालकांचं बोलणं कानावर पडलं. निळीचा ड्रायव्हर गफूरभाई, चार लेकरांचा बाप, मान खाली घालून उभा होता.

"रोज पिवळीची धूळ खाऊन राहिलास," मालक म्हणाले. "मी आत्ताच घोड्यावरून निघून पुढं नाक्यावर जाऊन बसतो. आज मागून आलास तर उद्या येऊ नको. दुसरा माणूस बघितलाय."

गफूरभाईनं रुमालानं कपाळ पुसलं आणि मोटारीच्या मागच्या बाजूला आला.

"मास्तरसाब, आज किलिनर तापानं पडला. तुमी जरा मागं दारापाशी बसता का? धुळीत मला मागचं, बाजूचं काही दिसत न्हाई. काही असलं तर पत्रा वाजवा."

"वाजवतो," मी म्हणालो.

बस. इथेच चूक झाली. पत्रा कसा वाजवायचा, एवढं मी विचारायला हवं होतं. पण सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाने, पत्रा कसा वाजवतात, असं चारचौघांत विचारायचं? शिवाय हैद्राबादेत मी पाहिलं होतं. पत्रा वाजला की मोटार थांबते. त्यावरून मी निष्कर्ष काढला की पत्रा वाजला की मोटार थांबते. सुवर्णपदक याच विषयात होतं, हे आधीच सांगितलं आहे.

मग आगगाडी आली, दोन्ही मोटारी भरल्या. माझ्या शेजारी शिरड शहापूरच्या सखूबाई, मांडीवर टोपली, टोपलीत दोन कोंबड्या. लेकीकडे निघालेल्या.

"काहून थांबलाय रं बाबा?" त्या ओरडल्या. "ती पिवळी गेली की."

पिवळी खरंच गेली होती. गफूरभाईनं मोटार अशी उचलली की सखूबाईंची एक कोंबडी माझ्या मांडीवर आली. पुढे पिवळीची धूळ, मधे आम्ही, मागे आमची धूळ. मला धड समोरचं दिसेना आणि मागचंही दिसेना, आणि मला तर बघण्यासाठीच बसवलेलं.

मग ओढ्याकडचा उतार आला. गफूरभाईनं मोटार उजवीकडे काढली. पिवळी सरकेना. आमचं चाक रस्त्याच्या कडेला आणि कडेच्या पलीकडे, मी पाहिलं, काहीही नव्हतं. म्हणजे होतं, पण बरंच खाली होतं.

मी पत्रा वाजवला. जोरात. थांबवा म्हणून.

मोटारीनं वेग घेतला.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा वाजवला, मग दोन्ही हातांनी वाजवला. मी जितका वाजवीन तितकी ती पळू लागली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शिकलेला माणूस काय करील? आणखी वाजवील. मी मुठींनी बडवला, कोपरांनी बडवला, रामरक्षेतलं आठवेल तेवढं म्हणत बडवला.

"आरं ह्यो मास्तर तर लई इरसाल निघाला," सखूबाई म्हणाल्या. "वाजवा मास्तर, वाजवा." आणि त्यांनीही वाजवायला सुरुवात केली.

झालं. अख्खी मोटार पत्रा बडवू लागली. इकडून तिकडून, छताला, दाराला. लग्नातला ताशा त्यापुढे काहीच नाही. मी ओरडत होतो, "थांबा, थांबा," पण सगळे हसून मान डोलवत होते. पिवळीच्या ड्रायव्हरला वाटलं असावं की आमच्या मोटारीचा सांगाडा सुटून त्याच्या अंगावर येतो आहे. त्यानं घाबरून मोटार बाजूला घेतली आणि आम्ही पुढे.

तरी मी थांबलो नाही. नाका दिसला, मालक दिसले, मोटार उभी राहिली, तरी माझे हात चालूच होते. सखूबाईंनी मनगट धरलं तेव्हा थांबले.

गफूरभाई उडी मारून माझ्याकडे धावत आला. मला वाटलं, आता हा मारणार, आणि मनात म्हटलं, मारू दे, हक्क आहे त्याचा. त्यानं मला मिठी मारली.

"मास्तरसाब, माझी रोजी वाचवली तुमी. त्या उतारावर मी सोडून देणार व्हतो, खुदाकसम. पण तुमचा पत्रा थांबलाच न्हाई. म्हणलं, मास्तर डोळ्यानं बघून राहिले, रस्ता मोकळा असल्याबिगर वाजवतील का? एकदा वाजवलं म्हंजी थांब. सारखं वाजवलं म्हंजी मोकळं हाय, दाब. तुमाला कुनी शिकवलं हे?"

मी तोंड उघडलं. "गफूरभाई, खरं म्हणजे मी..."

तेवढ्यात मालक आले. गफूरभाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्या वेळेवर ये." गफूरभाई तोंड फिरवून डोळे पुसत होता. अशा माणसाला काय सांगणार, की बाबा रे, मोकळा रस्ता मी पाहिलाच नव्हता, मी थांब म्हणून वाजवत होतो? मी तोंड मिटलं.

परत येताना बायको बरोबर. गफूरभाई तिला म्हणाला, "भाभी, मास्तरसाब म्हंजी शेर हाय शेर." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून बाहेर बघू लागली. धुळीसाठी लावला असेल. मी खात्रीनं सांगू शकत नाही.

त्यानंतर माझी दैना सुरू झाली. मी दिसलो की मला ड्रायव्हरशेजारची, सगळ्यांत मानाची आणि मरायला सगळ्यांत जवळची जागा. "मास्तर बसलेत, हाणा." मी वाशीमला बैलगाडीनं जाऊ लागलो. कोणी विचारलं, तर खरं कसं सांगणार? म्हणायचो, "छे, मोटारीत आता मजा राहिली नाही. फार हळू चालवतात हो." शर्यतींच्या माझ्या ज्या ओढीचं तुम्ही इतकं कौतुक करता, ती अशी जन्माला आली.

मग महायुद्ध आलं. पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, पाठीवर त्याच्या भट्ट्या बसल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. इतका सुखाचा काळ मी पाहिला नाही. पण गफूरभाई भेटला की रडकुंडीला यायचा, "मास्तरसाब, ह्याला काय मोटार म्हणायचं?" आणि त्याचं मन राखायला मी म्हणायचो, "खरं आहे. ते दिवस परत आले तर पहिला मी बसेन."

आता तुम्ही हसायला लागलात. मी सांगितलं होतं.

युद्ध संपलं. एका सकाळी गल्लीत असा आवाज झाला की वर्गात शिकवलेलं सगळं मी विसरलो. दारात निळी मोटार, नवा रंग, पाठीवरची भट्टी गायब, आणि सायलेन्सरसुद्धा गायब. सगळी गल्ली जमलेली. गफूरभाई हार घेऊन उभा.

"मास्तरसाब, आज पेट्रोलची पहिली खेप. तुमच्याबिगर सुटायची न्हाई. पिवळी बी ठेसनावर थांबलीय."

"गफूरभाई, आज अंग जरा कसकसतंय," मी म्हणालो.

"हवेनं उतरंल."

मी आशेनं बायकोकडे वळलो. तिनं माझी टोपी आणि कोट केव्हाच बाहेर आणून ठेवला होता. कोट अंगावर चढवता चढवता ती हळूच कानाशी म्हणाली, "थांबवायचं असेल तर एकदाच वाजवा."

म्हणजे मी तेव्हा थांबवायलाच बडवत होतो, हे इतकी वर्षं तिला माहीत होतं. वाशीमची मुलगी, त्या रस्त्यावरच वाढलेली. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल."

मी हट्टानं मागे दारापाशी बसलो. ओढ्याचा उतार आला. पिवळी डावीकडे, कडा उजवीकडे. मला तिचं बोलणं अगदी बरोबर आठवलं. एकदाच. मी हात उचलला आणि एकदा वाजवला.

आता मला सांगा, एवढ्या थरथरणाऱ्या हातानं एकदाच कसं वाजवतात?