पणजोबांचं वल्हं

अलोंझो केपर्स बोटीच्या कठड्याला पाठ लावून, छाती पुढे काढून, नजर क्षितिजावर रोखून बोलायला उभा राहिला की नव्या प्रवाशांना वाटायचं, वा, काय बाणा आहे! खरी गोष्ट अशी, की नजर जरा हलली तर सकाळची न्याहारी वर यायची. बोटीवर पोट भरणाऱ्या माणसालाच बोट लागावी, ही देवाची थट्टा, आणि अलोंझो ती स्वतःच सगळ्यांना सांगून टाकायचा. "मंडळी, मी तुमच्याकडे बघत नाही याचा अर्थ मला गर्व झालाय असा नाही. तुमचे बूट वाचवतोय मी." आणि खिशातून आल्याचा तुकडा काढून तोंडात टाकायचा.

बोटीचं नाव 'मार्श हेन'. खाजणात चिखलातून धावणारी ही आमच्याकडची कोंबडी. तिच्या नावाने बोट काढणाऱ्याने ती उडताना कधी पाहिली नसावी. नव्वदेक प्रवासी, बहुतेक निवृत्त, बहुतेक उत्तरेचे. चार्ल्स्टनहून निघायचं, खाड्याखाड्यांतून सव्हानाला, पुढे फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनपर्यंत. वाटेत अलोंझोने अमेरिकेचा सगळा इतिहास सांगायचा. स्पॅनिश आले, फ्रेंच आले, इंग्रज आले, असं म्हणून तो थोडा थांबायचा. "आणि आमच्या लोकांना आफ्रिकेतून आणलं गेलं." त्या एका वाक्यावर जेवणाच्या टेबलांवरचे काटे खाली ठेवले जायचे.

बोटीवर येण्याआधी त्याने चार्ल्स्टनच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. "तिथे पोरं झोपायची," तो म्हणायचा, "इथे म्हातारे झोपतात. पण ते तिकीट काढून झोपतात, म्हणून यालाच बढती म्हणायचं."

त्याचा हुकमी एक्का मात्र तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचा. बोट आमच्या कॅसिना बेटाच्या अर्ध्या मैलावरून जायची, आणि अलोंझो हात लांब करून ओकची झाडं दाखवायचा. त्याचे पणजोबा, प्रिन्स केपर्स. अठराशे बासष्ट साल, उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध. मुख्य भूमीवर भातशेतीचे मालक, आणि या बेटांवर उत्तरेची फौज; बेट गाठलं की माणूस गुलाम राहत नसे. प्रिन्सने मालकाची होडी सोडली, बायकोला आणि दोन लेकरांना पुढ्यात बसवलं, आणि हळू आवाजात स्तोत्र गात चौदा मैल वल्हं मारलं. "आणि मंडळी, ते वल्हं आजही त्यांच्या कबरीवर उभं आहे." ओहायोच्या बायका रुमाल काढायच्या.

आम्ही बेटावरची माणसं कालवं गोळा करता करता त्याच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज ऐकायचो. शब्द पोचत नसत, सूर तेवढा पोचायचा. "रडवतोय बघ," कुणीतरी म्हणायचं, आणि आम्ही पुन्हा चिखलात वाकायचो. अकरा वर्षं हे चाललं.

बाराव्या वर्षी मुख्य कार्यालयातून ब्रिजिट हॅलोरन नावाची बाई बोटीवर आली. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं गोड, हातात वही. पहिल्याच संध्याकाळी तिने अलोंझोला सांगून टाकलं. "मिस्टर केपर्स, कंपनीने कानात घालायचं यंत्र घेतलंय. शिकागोच्या एका नटाच्या आवाजात सगळा इतिहास भरलाय. प्रवाशाने हवं तेव्हा ऐकावं, हवं तेव्हा बंद करावं."

"बंद करायची सोय माझ्यातही आहे," अलोंझो म्हणाला. "ते झोपतात."

ती हसली, पण वही मिटली नाही. "या फेरीनंतर मला कळवायचंय. तुम्ही की यंत्र. तुमच्याकडे असं काय आहे जे नटाकडे नाही?"

अलोंझोची बायको वारलेली, मुलगी अटलांटात. हिवाळ्यात तो घड्याळाकडे बघत मार्चमध्ये बोट सुटायची वाट बघायचा. बोटीचं काम गेलं असतं तर त्याच्याकडे फक्त ते घड्याळ राहिलं असतं. म्हणून त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे बेट आहे. मी तुम्हाला कबरीपर्यंत नेतो."

म्हणाला खरं, पण ते त्याच्या हातात नव्हतं. कारण कबरस्तानात शब्द चालायचा तो ओझेला आत्याचा. वय त्र्याण्णव, अलोंझोच्या वडिलांची धाकटी बहीण. अलोंझो अकराव्या वर्षी आईबरोबर चार्ल्स्टनला गेला तो मयतीपुरताच परत यायचा, आणि मयत आटोपली की शेवटच्या होडीने निघायचा. त्याने फोन लावला.

"कोण?" आत्या.

"मी अलोंझो."

"कोण अलोंझो?"

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली केला. "कूटर."

"मग तसं सांग की! कोण मेलं?"

"कुणी नाही, आत्या. पाहुणे आणायचेत. बेटावर. पणजोबांच्या कबरीशी."

"आण. पण तिथे खरं तेवढंच बोलायचं. मातीतली माणसं ऐकत असतात."

"आत्या, मी इतिहासाचा मास्तर आहे."

"म्हणूनच सांगितलं," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी लहान होड्यांतून वीस-वीस जण धक्क्यावर उतरले. अलोंझो उतरला तेव्हा चेहरा राखेसारखा, आल्याची पिशवी रिकामी. आत्या पुरुषी हॅट घालून, खराटा टेकून उभी होती. "कूटर!" ती ओरडली. "बोट अजून लागते का रे तुला?"

आमच्याकडे प्रत्येकाला घरचं एक नाव असतं, ते कागदावर कधी येत नाही, आणि कूटर म्हणजे कासव. अकरा वर्षं ज्याला प्रवासी 'प्राध्यापक' म्हणत होते त्याचं कासव झालेलं पाहून नव्वद लोक खूश झाले. ब्रिजिटने वहीत काहीतरी लिहिलं.

कबरस्तान पाण्याकाठी, ओकच्या झाडांखाली. दगड कमी, त्यावर नावं त्याहून कमी. मेलेल्या माणसाने शेवटी वापरलेली वस्तू कबरीवर ठेवायची ही आमची रीत: कुणाचा कप, कुणाचा चष्मा, कुणाची कंदिलाची काच, सगळ्या मुद्दाम फोडलेल्या. नाव कशाला लिहायचं? गावाला माहीत असतं. आणि लहान मुलाने कबरीकडे बोट दाखवायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही.

झाडाच्या बुंध्याशी दोन कबरी शेजारी शेजारी. एकीवर अर्धं तुटलेलं वल्हं रोवलेलं, दुसरीवर भोक पाडलेलं पत्र्याचं घमेलं.

अलोंझो वल्ह्याजवळ गेला. पायाखाली जमीन होती, ती हलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे भाषण लोकांच्या डोळ्यांत बघून करू शकत होता. त्याने केलंही झकास. होडी, लेकरं, चौदा मैल, स्तोत्र. रुमाल निघाले. शेवटी त्याने वल्ह्याच्या दिशेने मान लववली. "माझे पणजोबा."

"कुणाशी बोलतोयस तू?" आत्याने विचारलं.

"पणजोबांशी, आत्या."

"त्या बाईला वाईट वाटेल."

मिनेसोटाचे लंडक्विस्ट नावाचे एक निवृत्त न्यायाधीश पुढच्या रांगेत होते, त्यांनी आपलं श्रवणयंत्र नीट बसवलं.

"ती बाइना आहे," आत्या म्हणाली. "तुझी पणजी. वल्हं तिचं. ऐंशी वर्षांची होईपर्यंत तेच मारत कोळंबी धरायला जायची. मी आठ वर्षांची होईपर्यंत तिच्या अंथरुणात झोपलेय. प्रिन्स तो बघ, घमेल्याखाली."

"पण घमेलं तर..."

"घमेलं तर काय?"

"धुण्याचं..." अलोंझो म्हणाला.

"वल्हं दिसलं की बाप्या आणि भांडं दिसलं की बाई! एवढं शिकायला चार्ल्स्टनला गेला होतास?" आत्याने खराटा आपटला. "होडी बाइनानेच मारली, चौदा मैल. प्रिन्स पुढ्यात बसला होता, ते घमेलं मांडीवर घेऊन. बोट लागायची त्याला. पुढे चर्चला जातानासुद्धा घमेलं घेतल्याशिवाय होडीत पाय ठेवत नसे. शेवटचा आजारही त्या घमेल्यातच गेला, म्हणून ते वर ठेवलं."

"आणि ते स्तोत्र?" न्यायाधीशांनी हळूच विचारलं.

"त्याच्या तोंडून आवाज येत होता," आत्या म्हणाली. "पण ते स्तोत्र नव्हतं."

पहिला हशा मागून आला, मग पुढे सरकला. ब्रिजिट हसत नव्हती. तिने पेन उघडं धरलं होतं. "मिस्टर केपर्स, म्हणजे अकरा वर्षं जे सांगितलं ते चुकीचं होतं?"

अलोंझोपाशी उत्तर तयार होतं. मास्तरांपाशी असतंच. तोंडी इतिहासाच्या अनेक परंपरा असतात, ही एक, ती एक. असं म्हटलं असतं तर ओहायोच्या बायकांनी मान डोलावली असती, आणि नोकरीही वाचली असती. त्याने तोंड उघडलं. मग त्याने घमेल्याकडे पाहिलं, आणि घमेल्याच्या मालकाशी आपलं किती जुनं नातं आहे हे त्याच्या पोटाला आधी कळलं.

"चुकीचं होतं," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कबर पाहून लावलं. एकतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, ज्याला माहीत आहे त्याला जाऊन विचारा. ज्यांना माहीत होतं त्या इथे राहत होत्या, फोन होता, आणि वर टोमॅटोतला लाल भात, रेड राइस, उत्तम करतात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वल्हं गेलं असतं ना माझं." मग तो वळला, नव्वद माणसांकडे पाठ केली आणि भुईवर बसला. "आत्या, तू सांग."

आत्याने पाऊण तास सांगितलं. तोवर ओहोटी लागली, होड्या चिखलात बसल्या, आणि प्रवाशांना संध्याकाळपर्यंत आमच्या घरी थांबावं लागलं. चिंबोऱ्या कमी पडल्या. न्यायाधीशांनी दोनदा भात मागून घेतला.

निघताना ब्रिजिटने आत्याला विचारलं, "तुम्ही बोटीवर याल का बोलायला?"

"मी प्रिन्सची नात आहे, बाळ," आत्या म्हणाली. "अंगणातलं डबकं ओलांडते तेवढं पुरे. ह्याला पाठव. पण आधी माझ्याकडे पाठव. दर वर्षी बोट सुटायच्या आधी आठ दिवस. सगळं म्हणून दाखवायचं. मी जे राहू देईन तेवढंच तिकडे बोलायचं."

ब्रिजिटने वहीतलं पान फाडलं. काय लिहिलं होतं ते कुणाला कळलं नाही, पण यंत्रं त्या वर्षी खोक्यातच राहिली.

मार्चमध्ये अलोंझो आला. आत्याने त्याच्या हातात खराटा दिला आणि स्वतः खुर्ची टाकून बसली. तो कबरी झाडायचा आणि भाषण म्हणायचा.

"...बेटाच्या किनाऱ्यावर पहाटेची लाली पसरली होती..."

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"काढ."

पन्नास मिनिटांचं भाषण पाचव्या दिवशी अठरा मिनिटांवर आलं. प्रिन्सचं दोन वाक्यांत आटोपलं, त्यातलं एक घमेल्याचं. अलोंझो हिशोब करू लागला, उरलेली बत्तीस मिनिटं लोकांपुढे उभं राहून करायचं काय? सहाव्या दिवशी तो बाइनाच्या वल्ह्याशी थांबला, पाचोळा बाजूला सारला आणि म्हणाला, "आत्या, ही हसायची कशी?"

"कशी म्हणजे? तोंडानं."

तो झाडत राहिला. थोड्या वेळाने आत्या खुर्चीवरून उठली, हॅट काढली आणि म्हणाली, "झाडणं ठेव. इकडे बघ, दाखवते."