कोरडे सोवळे

कातडीच्या रोगांविषयी चार लोकांत बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. नायटा, खरूज हे शब्द निघाले की ऐकणारा जरा सरकून बसतो. तरीही मी येथे एका बाईच्या कमरेवरील नायट्याविषयीच लिहिणार आहे. कोणाला ते असभ्य वाटले तर वाटो. ज्या घरात तो झाला त्या घरात तो बहुतेकांना होता. बोलून दाखवणारी मात्र एकट्या सिंधुबाईच निघाल्या.

सिंधुबाई पंचवटीत खंडेराव उपाध्यांच्या घरी स्वयंपाकाला होत्या. खंडेरावांकडे बाहेरगावचे यात्रेकरू उतरत. रामकुंडावरचे विधी खंडेराव करवीत आणि जेवण घरी होई. त्याच घराची माडीवरची खोली मी भाड्याने घेतलेली असल्यामुळे अंगणात घडणारे सारे मला खिडकीतून दिसे आणि न ऐकायचे ठरवले तरी ऐकू येई.

सिंधुबाई विधवा होत्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. अंगाने रोड, पण हाताला उरक मोठा. सिन्नरला भाऊ होता. तेथे एकदा गेल्या असता भावजयीने पाय धुवायला पाणी देता देता "किती दिवस आहात?" असे विचारले होते. तेव्हापासून सिन्नरचे नाव त्यांनी घेतले नाही. उपाध्यांचे घर सुटले तर दुसरे छप्पर नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि घरातल्या सर्वांनाही ठाऊक होते.

सोवळ्याचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. धुतलेले वस्त्र उंच वलणीवर, कोणी शिवणार नाही असे वाळत घालायचे आणि स्वयंपाकाला तेच नेसायचे. उन्हाळ्यात यात कसलीच अडचण नाही. पावसाळ्यात नाशकात आठवडा आठवडा ऊन पडत नाही. वलणीवरचे लुगडे सकाळी काढावे तर काल घातले तसेच गार. मग ते ओलेच नेसायचे आणि चुलीपुढे बसायचे. या घरात हळूहळू उलटेच झाले होते. ओले तेच खरे सोवळे, असे मानू लागले होते. कोरड्या वस्त्राला कोणी शिवले नाही हे कशावरून? ओले वस्त्र आत्ताच धुतले हे डोळ्यांना दिसते. ओल ही शुद्धतेची पावती झाली होती.

ही पावती रोज तपासणाऱ्या म्हणजे भागीआत्या. खंडेरावांच्या या आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या, त्या सोवळ्याच्या बळावर साऱ्या घरावर राज्य करीत होत्या. स्वतःही त्या पावसाळाभर ओलेत्यानेच वावरत. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पळीचा दांडा पाठीमागून कमरेच्या निऱ्यांत घालायचा आणि करकर खाजवायचे, ही त्यांची सवय होती. खुद्द खंडेराव पूजा सांगताना मांडी सारखी बदलत. कोणी कोणाला काही विचारत नसे.

१९३४ सालच्या पावसाळ्यात सिंधुबाईंच्या कमरेभोवतीचा नायटा पोटावर आणि काखेपर्यंत चढला. टाकळ्याचा पाला वाटून लावला, लिंबाच्या रसात गंधक कालवून लावले. दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा आग. भागीआत्या म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं आहे ते. भोगून संपवायचं." सिंधुबाईंनी ते ऐकून घेतले आणि संध्याकाळी मला जिन्यात गाठले. "भाऊ, तुमचे ते डॉक्टर कुठे बसतात?"

माझे डॉक्टर म्हणजे डॉक्टर शफी. पूल ओलांडून भद्रकालीत त्यांचा दवाखाना होता. मी सोबत गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. आत डॉक्टरांच्या पत्नी ताहेराबाईंनी तपासले आणि डॉक्टरांनी पडद्याअलीकडून सांगितले, ते मला स्पष्ट ऐकू आले.

"मलम देतो. झोंबेल. पण बाई, ओलं नेसायचं सोडलं नाहीत तर मलम गोदावरीत टाका, तेवढाच उपयोग होईल. नायटा ओलीवर वाढतो. अंग पुसून कोरडं करायचं, कपडा उकळून, वाळवून मगच अंगावर घ्यायचा. दुसऱ्याचा नेसायचा नाही, आपला द्यायचा नाही."

"ऊन नसलं तर?"

"तुमच्यात तान्ह्या पोराची दुपटी पावसाळ्यात कशी वाळवतात?"

सिंधुबाई म्हणाल्या, "असं आहे होय."

परत येताना त्यांनी वाटेत बुरुडाकडून बांबूची एक मोठी डाल विकत घेतली आणि पुलावरून ती डोक्यावर पालथी धरून आल्या. पाऊस चालू होताच.

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलाण्यातले निखारे घमेल्यात घेऊन त्यांनी ते पडवीच्या टोकाला ठेवले, वर डाल पालथी घातली आणि डालीवर उकळून पिळलेले सोवळ्याचे लुगडे पसरले. प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत दुपटी अशीच वाळवतात. ओल्या दुपट्याने बाळाला पुरळ उठते हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. बाळापुरतेच ठाऊक होते, इतकेच.

भागीआत्या पडवीत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सिंधू, घरात कोण बाळंत झालंय?"

"कोणी नाही, आत्याबाई."

"मग हा बाळंतिणीचा थाट कशाला? सोवळं असं वाळवतात?"

"दुपटं असं वाळवतात म्हणून पोराला पुरळ येत नाही. मलाच का यावं?"

"तू काय तान्ही आहेस? आणि डाल कुणाच्या हातची? बुरुडाच्या."

"सूप कुणाच्या हातचं आहे? रोज तांदूळ त्यातच पाखडता."

स्वयंपाकघरात खंडेरावांच्या सुनेला हसू आले, ते तिने खोकल्यावर नेले. भागीआत्यांनी दुसरीकडून सुरुवात केली.

"हे सगळं त्या भद्रकालीतल्या शफीनं शिकवलं. आता आमचं सोवळं तो ठरवणार. देवळात कोण शिरणार म्हणून गावात आग लागलीये ती कमी होती, आता ही घरात."

"सोवळं त्यानं नाही ठरवलं. खाज कशानं जाते ते सांगितलं. ते तुम्ही सांगितलं असतंत तर तुमचंही ऐकलं असतं."

"मलमाला वास येतो तुझ्या."

"येतो. नायट्यापेक्षा बरा."

असे रोज चाले. सिंधुबाई आवाज चढवीत नसत आणि डालही हलवीत नसत. निखाऱ्यांवर पाणी पडलेले आढळले तर त्या दुसरे निखारे आणीत. डाल अंगणात फेकलेली दिसली तर उचलून, झटकून परत ठेवीत. खंडेरावांनी एकदा मध्यस्थी केली. "सिंधुबाई, आत्याचं वय झालं. तिच्या मनाप्रमाणे करा ना थोडं."

"मनाप्रमाणे करते की. भाजीत गूळ कमी म्हणाल्या, कमी केला. कातडी माझी आहे, ती त्यांच्या मनाप्रमाणे नाही करता यायची."

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल."

"बघा," सिंधुबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या स्वतः जेवल्या नाहीत, एवढे मला सुनेकडून कळले. दुसऱ्या सकाळी मात्र डाल जागेवर होती.

पितृपंधरवडा आला. दिवसाआड कोणाचे ना कोणाचे श्राद्ध असायचे. त्यात बागलाणातले एक मोठे यजमान म्हाताऱ्या आईला घेऊन वडिलांच्या श्राद्धासाठी उतरले. मला त्या दिवशी सुट्टी होती. सकाळी सिंधुबाई आंघोळ उरकून आल्या होत्या आणि लुगडे डालीवर वाळत आले होते. भागीआत्या कळशी घेऊन आल्या आणि त्यांनी ती शांतपणे लुगड्यावर ओतली. निखारे फसफसले, पडवीभर राख आणि वाफ झाली.

"आता झालं सोवळं," त्या म्हणाल्या. "नेस आणि चुलीपाशी चल. आज पितरांचं काम आहे, तुझे नखरे नकोत."

मला वाटले, आता सिंधुबाई रडतील किंवा नेसतील. त्यांनी लुगडे उचलून पिळले, चुलाण्यातून पुन्हा निखारे आणले, लुगडे डालीवर पसरले आणि शेजारी पाटावर बसल्या.

"वाळलं की येते."

"वाळेपर्यंत श्राद्ध थांबायचं?"

"ओलं मी नेसणार नाही, आत्याबाई. आज नाही, उद्या नाही. घरातून काढलंत तर कोरडी निघून जाईन."

भागीआत्या स्वतः ओलेत्याने चुलीपुढे बसल्या. सून नेमकी त्या दिवशी बाजूला बसलेली, तिला आत प्रवेश नव्हता. आत वरण, भाज्या, खीर, वडे, सगळे त्या एकट्या करू लागल्या. धूर, वाफ, अंगाला चिकटलेले ओले कापड आणि समोर जाळ. अशा उबेत नायटा काय करतो ते ज्याला झाला आहे त्यालाच कळेल. दुपारी यजमानांच्या आई दर्भ मागायला स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. त्या तिथेच थांबल्या. भागीआत्या पळीचा दांडा कमरेत घालून डोळे मिटून खाजवत होत्या. नंतर तीच पळी त्यांनी खिरीत घातली.

म्हातारी ओसरीवर येऊन मुलाला म्हणाली, "ती खीर तुझ्या बापाच्या नावानं वाढायची नाही. दुसरी करायला सांग, नाहीतर दुसऱ्या उपाध्याकडे चल."

यजमान उठून उभे राहिले. खंडेरावांना कारण कळायला वेळ लागला नाही. ते पडवीत सिंधुबाईंसमोर आले.

"सिंधुबाई, सगळं पुन्हा करावं लागेल. उठा."

सिंधुबाईंनी लुगड्याची कड चाचपली. "काठ ओले आहेत अजून."

"अहो, ब्राह्मण येतील आता."

"मग फुंका."

खंडेराव उपाध्ये, ज्यांच्या पायांवर गावोगावचे यजमान डोके ठेवीत, ते पडवीत उकिडवे बसले आणि डालीखाली तोंड घालून निखारे फुंकू लागले. पितांबर राखेत लोळत होता. मी खिडकीतून हे पाहिले आणि पाहतच राहिलो.

"आणखी एक," सिंधुबाई म्हणाल्या. "आत्याबाईंना चुलीपुढून उठवा. त्यांचंही लुगडं उकळून डालीवर टाकते. माझ्यापेक्षा त्यांचं दुखणं जुनं आहे. ते मला दिसतं, तुम्हालाही दिसतं. कोणी बोलायचं नाही म्हणून त्यांनी किती वर्षं जळायचं?"

भागीआत्या दारात येऊन उभ्या होत्या. लुगड्याचे पाणी उंबऱ्यावर ठिबकत होते. त्यांना सगळे ऐकू गेले होते. काहीतरी तिखट येईल म्हणून सर्वजण वाट पाहत होते. त्या एवढेच म्हणाल्या, "माझं कोणी नेसायचं नाही पण."

"नाही नेसणार," सिंधुबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीही तेच सांगितलंय."

श्राद्ध दिवस कलताना झाले. यजमान थांबले. म्हातारीने सिंधुबाईंच्या हातची खीर दोनदा मागून घेतली. दुसरी बाई बघण्याचा विषय खंडेरावांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डालीवर दोन लुगडी होती. भागीआत्या शेजारी पाट मांडून बसल्या होत्या.

"सिंधू, विस्तव फार केलास. सोवळं करपेल."

"करपलं तर नवं घ्या."

"उलटं कर ते. खालची बाजू वाळली. तुला काही कळत नाही यातलं."

सिंधुबाईंनी लुगडे उलटे केले. दिवाळीपर्यंत त्यांचा नायटा गेला. कमरेवर काळपट वर्तुळे तेवढी राहिली, असे त्याच सांगत. भागीआत्यांचा जायला पुढचा उन्हाळा लागला, कारण शफी डॉक्टरांचे मलम त्यांनी शेवटपर्यंत लावले नाही. बऱ्या झाल्यावर त्या आल्यागेल्याला सांगू लागल्या की कोरडे सोवळे हीच या घराची जुनी रीत आहे, मध्यंतरी लोक विसरले होते. सिंधुबाई तेव्हा पोळ्या लाटीत असल्या तर लाटणे थांबवून दाराकडे पाहत आणि म्हणत, "कळशी कुठे ठेवलीत, आत्याबाई?"