दोन शब्दांचा मुद्देमाल

त्या दुष्काळी उन्हाळ्यातली एक तक्रार अजून मनातून गेलेली नाही. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. बीड बायपासच्या पलीकडे एकामागून एक इमारती उभ्या राहत होत्या. नळ मात्र पोचला नव्हता. सगळी भिस्त टँकरवर.

एका सकाळी ठाणे अंमलदार हसू दाबत आत आला. "साहेब, एक चाचा आलेत. वेबसाइटचं नाव चोरीला गेलं म्हणतात. मुद्देमालात काय लिहू?"

चाचांचे दोन टँकर होते. चार वर्षांपूर्वी त्यांनी गल्लीतल्या मल्टिसर्व्हिस सेंटरमधून वेबसाइट बनवून घेतली होती. नाव म्हणजे पाणी आणि टँकर, एवढेच दोन शब्द, इंग्रजी अक्षरांत. इतके साधे, की आधी कुणाला सुचलेच नव्हते.

"लोक मोबाइलवर ते दोन शब्द टाकायचे, की माझा फोन वाजायचा," चाचा म्हणाले. "आठ दिवस झाले, गपगार. साइट उघडली तर दुसऱ्याचाच नंबर. दोन्ही ड्रायव्हर बसून हायेत. उन्हाळा असाच गेला तर माझं सालच गेलं."

"किंमत किती धरायची?"

"दर साल सातशे भरतो."

अंमलदाराने सातशे लिहिले. मी अडवले नाही. मलाही तेवढीच वाटली.

प्रत्येक गुन्ह्यात मी एका पानावर तीन रकाने आखत असे: वस्तू कुणाच्या नावावर, कुणाच्या ताब्यात, कधीपासून. या वेळी पहिल्याच रकान्यात अडलो. नाव कागदोपत्री कुणाचे, हे चाचांनी कधी पाहिलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने माहिती आणली. "साइटवरचा नवा नंबर एका प्लॉटिंग एजंटचा हाय, साहेब. टँकर त्याच्याकडं एकबी नाय."

ठाण्यात बोलावलेला एजंट पायावर पाय टाकून बसला. "रीतसर इकत घेतलंय, साहेब. पाणी हा शब्द काय चाचांच्या मालकीचा हाय का? पुण्याची कंपनी अकरा लाखाला मागतीय."

त्याने मोबाइलवर हस्तांतराचा ईमेल दाखवला. विकणारा होता मल्टिसर्व्हिसवाला.

तो मनुष्य सभ्य, हळू बोलणारा. बोलावल्याबरोबर आपले रजिस्टर काखेत घेऊन आला.

"चाचांकडं ईमेल नव्हता," तो म्हणाला. "गल्लीत कुणाकडंच नसतो. परीक्षेचा फॉर्म असो की पासपोर्टचा, मी माझाच टाकतो. विकता का म्हणून विचारणाही मलाच आली. कागदावर मालक मीच होतो."

"चाचांना विचारलंत?"

त्याने रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "आपल्या ठाण्याचा ईमेल आयडीसुद्धा मीच काढून दिलाय, साहेब."

अंमलदाराचे हसू तिथे संपले.

मी रजिस्टर उघडले. चार वर्षांच्या चार नोंदी, त्याच्याच अक्षरात: 'टँकरवाले चाचा, वेबसाइट फी, मिळाली.' पुढे चाचांची सही. नाव कुणासाठी घेतले, हे त्यानेच लिहून ठेवले होते. विक्रीच्या वेळी साइटवर चाचांचा फोटो होता, त्यामुळे खरा मालक एजंटलाही ठाऊक होता. विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. सायबर शाखेने नोंदणी कंपनीला पत्र दिले आणि पंधरवड्यात नाव परत आले.

पुण्याच्या कंपनीने चाचांनाही विचारले. चाचा म्हणाले, "फोन ते उचलतील. टँकर कुठून आणतील?" त्यांनी नाव विकले नाही.

आम्ही सातशे लिहिले ते चूक होते, हे मला उशिरा कळले. कपाटातली वस्तू चोरीला गेली तर निदान कपाट उघडे दिसते. इथे माणूस चार वर्षे फी भरत होता आणि किल्ली पहिल्या दिवसापासून दुसऱ्याकडे होती. तसे आपल्यापैकी किती जण असतील, याची यादी मी माझ्या घरापासूनच सुरू केली. मुलीच्या प्रवेश अर्जावर आमच्याच शिपायाचा मोबाइल नंबर निघाला.

नाव परत मिळाले त्या दिवशी चाचांचा स्वतःचा ईमेल ठाण्यातच काढला. त्यांची मुलगी पासवर्ड टाकायला बसली. चाचांनी अंमलदाराला भिंतीकडे तोंड करायला लावले, मग माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुम्हीबी."

मी खुर्ची फिरवून बसलो.