पोकळ गोल

"तुमच्यात तर सुतक पाळत नाहीत ना? मग इतके दिवस घरी काय करून राहिली?"

सरांनी हे भरल्या वर्गात विचारलं. लातूरचा क्लास. बाकावर कोपराला कोपर लागलेलं. मी उभी.

आठवड्याखाली किनवटहून परतले होते. माय गेली होती. ती तिथल्या वसतिगृहात पोरींसाठी भाकरी थापायची. थापता थापताच पडली. आम्ही बौद्ध. सुतक पाळत नाही, हे खरं. पण माय तर मेली होती.

बोलायची सवयच नव्हती. पुस्तक छातीशी धरून उभी राहिले.

त्या दिवशी आलेखावरून लिमिट काढायला शिकवत होते. क्लासात एक रीत होती. सर फळ्यावर एखाद्याच्या चाचण्यांच्या मार्कांची रेघ काढत, आणि त्या रेघेवरून त्याची बॅच ठरे. पहिल्या बॅचला सर स्वतः शिकवत. शेवटच्या बॅचला कुणीही येई. कधी कुणीच येत नसे. मी पहिल्या बॅचला आहे, एवढंच मी मायला फोनवर सांगितलं होतं. तिनं ते अख्ख्या वसतिगृहाला सांगितलं होतं.

आधी निलंग्याच्या एका पोराची रेघ काढली. बड्या बागायतदाराचा पोरगा. बहिणीच्या लग्नात त्याची एक चाचणी बुडाली होती. त्या जागी सरांनी रेघेवरच पोकळ गोल काढला.

"इथं किंमत नाही, पण लिमिट आहे. डावीकडून या, उजवीकडून या, रेघ एकाच उंचीला पोचते. तीच लिमिट. मधल्या भोकाशी आपल्याला काय करायचंय?"

सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही.

मग माझी रेघ. तीही चढतच होती. परत आल्यावर दिलेली चाचणीसुद्धा वरच होती. पण बुडालेल्या चाचणीसाठी सरांनी पार खाली, शून्यावर, ठिपका मांडला, म्हणजे किंमत शून्य. भरीव. खडू दाबून दाबून.

"बोला, इथं लिमिट किती?"

"झीरो!" मागची पोरं ओरडली. हशा पिकला.

सरही हसले. उत्तर चूक आहे हे त्यांना कळत होतं. वर्षानुवर्षं तेच शिकवत होते. पण चूक सोयीची होती, म्हणून राहू दिली.

"बस खाली. उद्यापासून शेवटच्या बॅचला. तुम्हा लोकांचा कटऑफ खालीच असतो, कशाला टेन्शन घेते?"

मी बसले नाही. फळ्यापाशी गेले, खडू उचलला, रेघेवर, वरती, पोकळ गोल काढला. गोल वाकडा आला.

"सर, ठिपका कुठंही मांडा. लिमिट इथंच आहे. आत्ता तुम्हीच शिकवलं. त्याच्या बहिणीचं लग्न, तर पोकळ. माझी माय मेली, तर भरीव. असं का?"

सरांनी डस्टर घेतलं, माझी रेघ तेवढी पुसली. त्या पोराची ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बॅचलाच बसले. पहिल्या बॅचची जागा मला परत मिळाली नाही. जे शिकले ते वाचनालयात, एकटीनं.

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तसा सरांचा फोन आला.

"बेटा, अभिनंदन! फोटो पाठव. फ्लेक्सवर तुला एकदम वरच्या रांगेत टाकतो."

"नाही पाठवणार, सर."

"अजून राग हाय का गं?"

"हाव, सर. हाय."

त्यांनी नंतर कितीदा तरी फोन केला. गोड बोलले. तुझ्या आईला बरं वाटलं असतं, असंही म्हणाले.

वाटलं असतं. माय असती तर तो फ्लेक्स बघायला ती किनवटहून लातूरला आली असती. खाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवलं असतं. हे मला ठाऊक आहे.

तरी फोटो दिला नाही. देणार नाही.