रूळ सरळ करणारे हात

परवा मालगाडीवर लादलेले नवेकोरे रूळ दिसले आणि भिलाईतली माझी जुनी ओपीडी आठवली. मुलांच्या वाकड्या पाठी सरळ करणारा मी नवा सर्जन, कडक इस्त्रीच्या ॲप्रनमध्ये जणू रंगमंचावर उभा. समोर पोलाद कारखान्याच्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधला कामगार आणि वाकड्या पाठीची त्याची लेक सुमन. तिच्या पाठीवर काळेनिळे डाग होते.

“मिलमदी वाकडा रूळ दाबून सरळ करतो, साहेब,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “म्हटलं, पोरीची पाठबी होईल.”

मी झापायला तोंड उघडलं, तोच सुमन म्हणाली, “बाबाले नका बोलू. मले तेवढं दुखत नाही. दाबता दाबता तेच रडतात.”

तेव्हा तो मला अडाणी वाटला. आता मुलांच्या पाठी सरळ करायला मीच स्टीलच्या सळ्या बसवतो, तेव्हा तसं वाटत नाही.

“पाठ सरळ ठेवणारं प्लॅस्टर चढवताना तिला तुम्हीच धरा,” मी त्या दिवशी त्याला म्हणालो.

त्यानं दोन्ही हात मागे लपवले.